बोरगावात मेक्सिकोची भाकर

बाबाराव मास्तरांना भूगोल फार चांगला यायचा, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. ज्याला भूगोल येत नाही तो माणूस मेक्सिकोच्या वाटेला जात नाही आणि सुखात राहतो.

ही गोष्ट आपण वर्ध्याची माणसं मध्य प्रदेशात होतो तेव्हाची. म्हणजे आपण कुठं हललो नव्हतो, वर्धा होतं तिथंच होतं, फक्त राजधानी नागपूर होती आणि शाळेच्या भिंतीवरचा नकाशा कधी बदलेल याचा भरवसा नव्हता. बोरगाव मेघे तेव्हा खरोखरीचं गाव होतं. सायकलवरून शाळेत जाताना मास्तरांना दोन्ही अंगांनी तुरी लागायच्या, आणि वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस विचारायचा, कुठं निघाले मास्तर? मास्तर रोज शाळेतच जातात हे त्याला ठाऊक असायचं. तरी तो विचारायचा, आणि मास्तरही पाय टेकून, शाळेत, असं सांगायचे. एवढा वेळ लोकांजवळ होता. आता कोणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची आठवण येते.

तर झालं असं की वर्ध्याजवळच्या एका आश्रमात एलविराबाई नावाच्या मेक्सिकोच्या एक शिक्षिका सूत कातायला आणि खेड्यातल्या शाळा बघायला येऊन राहिल्या होत्या. पन्नाशीच्या, सावळ्या, खादीचं लुगडं नेसणाऱ्या, पाठीवर दोन करड्या वेण्या. मेक्सिकोचा पाठ शिकवताना जिताजागता मेक्सिको वर्गात आणून उभा करावा, या हौसेनं मास्तरांनी त्यांना शाळेत बोलावलं. बाई आश्रमात शिकलेल्या हिंदीत छान बोलल्या. मग एका पोरानं विचारलं, तुमच्याकडे जेवायला काय असते? बाई सांगायला लागल्या. मक्याची भाकर, शिजवून घोटलेले घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, निखाऱ्यात भाजलेली टमाटी आणि मिरची पाट्यावर वाटून केलेली चटणी. त्यांच्या घरात मांसमच्छी कधी शिरलीच नाही, हेच त्यांचं रोजचं जेवण. एवढं सांगितलं आणि बाई मधेच थांबल्या. दोन वर्षं झाली ते खाऊन, असं म्हणाल्या आणि खिडकीकडे बघायला लागल्या. आश्रमात बिचाऱ्या उकडलेला भोपळा खात होत्या. भोपळ्याबद्दल आमची काही तक्रार नाही, पण दोन वर्षं म्हणजे जरा जास्तच.

मास्तर हळवा माणूस. सगळ्या वर्गासमोर ते उठले आणि म्हणाले की बाई सोमवारच्या गाडीनं मुंबईला जाणार, तिथून बोटीनं घरी. पण त्याआधी रविवारी त्या बोरगावला आमच्या घरी येतील आणि आपल्याच देशाचं जेवण जेवून जातील. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. घरी बायकोला आणि आईला विचारलेलं नाही, हे मास्तरांना सायकल तुरीच्या शेतांत आल्यावर आठवलं.

बायको देवकाबाई सोशिक होती. तिनं एवढंच विचारलं की ते करतात कसं. मास्तरांनी बाईंकडून सगळं पाठ करून आणलं होतं: मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची, ओलाच पाट्यावर वाटायचा आणि हातावर थापून तव्यावर टाकायचा. बाईंनी हे इतक्या ठामपणे सांगितलं होतं की शंकेला जागा नव्हती. चुना म्हटल्यावर देवकाबाईनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मास्तरांची आई मनकर्णाबाई, नवरा गेल्यावर अल्लीपूरचं घर सोडून लेकाकडे आलेली, चुलीपुढं बसून ऐकत होती. तिनं फक्त विचारलं की त्या बाईले लेकरं हाय का. मास्तरांना मेक्सिकोची लोकसंख्या ठाऊक होती, पण हे ठाऊक नव्हतं.

मका आणायला मास्तर वर्ध्याला ओमप्रकाशच्या किराणा दुकानात गेले. आपल्या मुलखात ज्वारी खावी, मका भाद्रपदात कणीस भाजून खावा आणि विसरून जावा, अशी रीत. वाळलेला मका मागणारं गिऱ्हाईक ओमप्रकाशनं पाहिलं नव्हतं. त्यानं मोठ्या आदरानं विचारलं, "मास्टरजी, घोडा लिया क्या?" मास्तर म्हणाले, माणसांसाठी पाहिजे. ओमप्रकाशच्या चेहऱ्यावर अशी कणव आली की मास्तरांना वाटलं घोडाच म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण माणूस सज्जन. छिंदवाड्याकडच्या सोयऱ्याला निरोप धाडून त्यानं पिशवीभर मका मागवून दिला, आणि मास्तरांच्या पगाराचं काय झालं म्हणून हळूच चार जणांजवळ चौकशीही केली.

इकडे शेजारी प्रभाकरराव जागे झाले होते. प्रभाकरराव कचेरीतून नाझर म्हणून पेन्शनीत निघालेले. पेन्शनीत गेलेल्या माणसाजवळ सल्ला फार साठून राहतो आणि तो शेजारच्या घरात सोडावा लागतो. ते म्हणाले, मास्तर, परदेशी बाई घरात जेवणार, सरकारला वर्दी दिली का? उद्या तिच्या पोटात दुखलं तर दोन देशांचं प्रकरण होईल. मास्तरांना हसू आलं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसू टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत अर्ज घेऊन उभे राहिले.

तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, परत वाचला आणि विचारलं की पाहुणी मुक्कामाला राहणार का. मुक्कामाचा नियम होता. जेवणाचा नव्हता. नियम नाही म्हणजे परवानगी लागत नाही, असं मास्तर म्हणाले. कारकून म्हणाला, "लागत नव्हती. पण तुम्ही मागितली ना आता." मागितलेल्या परवानगीवर निर्णय व्हावा लागतो, आणि निर्णय होईस्तोवर त्या बाईंना तुमच्याकडे जेवता येणार नाही. साहेब दौऱ्यावर होते, बुधवारी येणार होते. बाईंची गाडी सोमवारी. मास्तरांनी अर्ज परत मागितला. तो परत घेण्यासाठी वेगळा अर्ज लागत होता. तो त्यांनी तिथंच बाकड्यावर बसून लिहिला, आणि कारण या रकान्यात काय लिहावं ते न सुचून, पाहुणीला भूक लागली आहे, असं लिहिलं. कारकुनानं ते समाधानानं दाखल करून घेतलं.

यातून सुटतात तोच प्रभाकररावांचा दुसरा सल्ला आला. स्वयंपाकघराच्या भिंती धुरानं काळ्या आहेत. ही बाई आपल्या मुलखात जाऊन काय सांगेल? की हिंदुस्थानात लोक गुहेत रांधतात. मास्तरांच्या देशाभिमानाला हा घाव सोसला नाही. गावातला कवडू भिंती रंगवायचा. त्याला शनिवारी बोलावलं. त्यानं अंगणात टाक्यात चुना भिजवला, भिंतीला बसावा म्हणून सरस टाकला, आणि चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून नेहमीसारखी चिमूटभर नीळ टाकायला घेतली. प्रभाकरराव काठी टेकत उभेच होते. बाई साता समुद्रापलीकडून येणार, चिमटीनं काय होते, टाक सढळ हातानं, असं त्यांनी फर्मावलं. कवडू म्हणाला, भिंत निळी होईल साहेब. प्रभाकरराव म्हणाले, मी पूर्ण कचेरी रंगवून घेतली आहे. कवडूनं पुडी उपडी केली.

आता हे सगळं मास्तर शाळेत असताना चाललेलं. शनिवारची सकाळची शाळा. निघताना त्यांनी पानवाल्याकडून आणलेल्या चुन्याची डबी फळीवर ठेवली आणि सायकलवर बसता बसता ओरडले की मका चुन्यात उकळून ठेवा. देवकाबाईनं ऐकलं. पण ती तेव्हा भिवापुरी मिरच्या तव्यावर भाजत होती, आणि भिवापुरी मिरची भाजताना बाई दुसरं काही करू शकत नाही. शिडीवर चढून एक भिंत रंगवलेल्या कवडूच्या नाकात तो धूर शिरला. तो शिंकत, डोळे पुसत खाली उतरला, आणि शिडी, कुंचला, टाकं सगळं तिथंच सोडून जो गेला तो त्या दिवशी परत आला नाही. गल्लीतल्या चार घरांनी दारं लावून घेतली. प्रभाकरराव आपल्या ओट्यावर खोकत बसले आणि तशातही खोकल्यावर काय घ्यावं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले.

राहिला मका. तो मनकर्णाबाईनं आपल्याकडे घेतला. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण काटकसर शाबूत होती. अंगणात टाकंभर चुना भिजून पडलेला, कवडू पळून गेलेला, आणि लेकानं विकतचा चुना आणून फळीवर ठेवलेला, हे तिला पटेना. तिनं पानाची डबी तशीच राहू दिली, टाक्यातलं चुन्याचं पाणी गंजात, म्हणजे पातेल्यात, घेतलं, त्यात मका टाकला आणि चुलीवर चढवला. रविवारी सकाळी निगुतीनं चोळून, सालं काढून, धुऊन, टोपलीत घालून वर फडकं टाकलं. फडक्याखाली काय आहे ते घरात दुसऱ्या कोणी बघितलं नाही. बघायला सवड कोणाला होती.

एलविराबाई टांग्यातून उतरल्या तेव्हा अर्धं बोरगाव आधीच अंगणात होतं. मनकर्णाबाईनं त्यांच्या वेण्यांना हात लावून बघितला आणि मान हलवली, म्हणजे पसंत पडल्या. बाई स्वयंपाकघरात आल्या. एक भिंत काळी, एक भिंत आभाळासारखी निळी. चुलीवर बरबटीचे, म्हणजे चवळीचे, दाणे रटरटत होते. निखाऱ्यात भेदरं, म्हणजे आपल्याकडची टमाटी, भाजत पडली होती. कोपऱ्यात पाटा-वरवंटा होता. बाई त्या पाट्यापाशी गेल्या, त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या की असाच. आमच्या घरीही असाच आहे. मास्तरांची छाती फुगली. मेक्सिको आणि बोरगाव मेघे यांच्यातलं अंतर नकाशावर दिसतं तेवढं नाही, असं काहीतरी बोलायच्या ते बेतात होते.

तेवढ्यात मनकर्णाबाईनं टोपलीवरचं फडकं काढलं. मका निळा होता. थोडाथोडका नाही, भिंतीसारखा निळा.

मास्तर फडकं परत टाकायला पुढं झाले. पण एलविराबाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले, गुडघ्यांवर बसल्या आणि मका ओंजळीत घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हिंदीत त्यांनी जे सांगितलं ते एवढंच की त्यांच्या गावचा मका निळाच असतो. आई निळ्याच मक्याची भाकर करायची. हे त्यांनी मुद्दाम मास्तरांना सांगितलं नव्हतं, कारण इथं तो कुठून मिळणार, उगाच माणसाला कशाला कोड्यात टाकायचं. आणि मास्तरांनी न सांगता तो आणला.

प्रभाकरराव दारातून म्हणाले की खास मागवला आहे, मास्तरांनी फार खटपट केली. अंगणातल्या बायका मास्तरांकडे असं बघायला लागल्या की त्यांच्या उभ्या आयुष्यात असं कोणी बघितलं नव्हतं. देवकाबाईसुद्धा बघत होती. आपला नवरा काहीतरी आहे, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते मास्तरांना लग्नानंतर पहिल्यांदाच वाचायला मिळत होतं. त्यांनी आईच्या कानाला लागून विचारलं की चुना कुठला घेतला. म्हातारीनं अंगणातल्या टाक्याकडे बोट दाखवलं. "येवढा भिजून राह्यला होता," ती म्हणाली, "मंग दुसरा कायले?"

आता गप्प राहिलं तर सगळं छान होतं. बाईंना गाव भेटलं होतं, मास्तरांना मान भेटला होता, प्रभाकररावांना काम भेटलं होतं. फक्त मक्यात नीळ होती आणि जनावराच्या चामड्या-हाडांचा सरस होता, आणि जन्मभर मांसमच्छीला न शिवलेल्या बाई तो मका आता पाट्यावर घेऊन बसणार होत्या. भूगोलाच्या माणसाला खोटा देश दाखवता येत नाही, असं ते पुढं कधीमधी म्हणायचे, पण त्या वेळी असलं काही सुचलं नव्हतं. त्या वेळी त्यांना फक्त रडू येत होतं.

"बाई, खाऊ नका," ते म्हणाले. "हा मका निळा नाही. ही आमच्या भिंतीची नीळ आहे."

बाईंनी ओंजळीतल्या दाण्यांकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग परत दाण्यांकडे. दाणे हळूच टोपलीत ठेवले, चेहरा पदरात घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. देवकाबाई पाठीवर हात ठेवायला पुढं झाली तेव्हा कळलं की बाई हसत होत्या. खूप हसल्या. अंगणही धीर करून हसलं. आणि मग हसता हसता त्या खरंच रडायला लागल्या.

मास्तर म्हणाले की थोडा मका उरला आहे, आत्ता परत उकळू, बाई सांगतील तसं करू. बाईंनी मान हलवली. "मुझे बनाना नहीं आता," त्या म्हणाल्या.

मास्तरांना नीट समजलं नाही, म्हणून बाईंनी परत सांगितलं. त्यांनी आयुष्यात कधी ती भाकर केलेली नव्हती. आई पाट्याला हात लावू द्यायची नाही. तू पुस्तक वाच, तू शाळेत जा, पाटा माझा आहे, असं म्हणायची. बाई दारात बसून पुस्तक वाचायच्या आणि वर बघायच्या तेव्हा आई थापत असायची. चुना, उकळणं, सालं, हे सगळं तेवढंच बघितलेलं. त्या इकडे असतानाच आई गेली. आता घरी पाटा आहे, चूल आहे, आणि करणारं कोणी नाही. म्हणून त्यांना वाटलं होतं की एकदा, निघण्याआधी एकदा, कोणीतरी करून वाढावं.

आठवडाभर सगळ्या घराला ज्या हुकमावर नाचवलं तो हुकूम स्वयंपाक न येणाऱ्या बाईचा होता, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी उगाच चष्मा पुसायला घेतला.

मनकर्णाबाईला हिंदी अर्धंच कळायचं. तिनं सुनेला विचारलं, काय म्हणून राह्यली? देवकाबाईनं सांगितलं, "आत्याबाई, तिची माय गेली. अन् तिले भाकर येत नाई." म्हातारीच्या लेखी या दोन्ही गोष्टी सारख्याच गंभीर होत्या. मग सरकून तिनं चुलीसमोर आपल्या शेजारी जागा केली.

"ये. बस इथं," ती म्हणाली. "मका नाई तं नाई. ज्वारी हाय ना घरात. पहिले हात शिकला पाह्यजे, पीठ मंग कोनतंबी असो."

म्हातारी वऱ्हाडीत बोलत होती आणि बाई त्यांच्या भाषेत हुं हुं करत होत्या, आणि मधे कोणाची जरूर नव्हती. मनकर्णाबाईनं पिठात ऊन पाणी घातलं, बाईंचे हात धरून पिठात घातले आणि तळहाताच्या मुळानं मळायला लावलं. गोळा केला. दोन्ही तळव्यांत धरून थापायला लागली. थप, थप, थप. तो आवाज ऐकल्याबरोबर बाईंचं अंग ताठ झालं. असाच आवाज, त्या म्हणाल्या. सकाळी झोपेत हाच यायचा. मग म्हातारीच्या हातातला गोळा घेऊन त्यांनी थापायला घेतली. एक हातातच फाटली. एक तव्यावर पडता पडता दुमडली. एकीला भलं मोठं भोक पडलं, त्यातून चुलीतला जाळ दिसत होता. मनकर्णाबाई प्रत्येक वेळी पीठ परत गोळा करायची आणि म्हणायची, परत. शाळेतल्या कोणत्याही मास्तरात एवढी चिकाटी नसते, हे बाबाराव स्वतःच्या अनुभवावरून सांगायचे.

तोवर देवकाबाईनं भेदरं, लसूण आणि भिवापुरी मिरच्या पाट्यावर ओढल्या, बरबटीचे दाणे घोटून तेलात परतले. अंगणात भाताची पंगत बसली. दाणे रानातल्या ओल्या मातीसारख्या वासाचे, चटणी जाळ. प्रभाकररावांच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांच्याकडून सल्ला आला नाही. ते नुसते खात होते. असं जेवण नंतर कितीदा केलं, पण त्या दिवसाची चव आली नाही, असं देवकाबाई अजून म्हणते.

बाई मात्र चुलीपासून उठल्या नव्हत्या. शेवटी एक जमली. गोल म्हणवत नव्हती, एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ, कडेला करपलेली. पण अखंड. तव्यावरून उतरवून निखाऱ्यापुढं धरली तेव्हा टम्म फुगून आली, आणि बाईंनी श्वास धरला.

पहिली भाकर गाईची, ही मनकर्णाबाईची जन्माची रीत. लेकाच्या लग्नाच्या दिवशीही तिनं ती मोडली नव्हती. शेजारची गाय दाराशी येऊन मान आत घालून उभी होती. बाईंना आश्रमात राहून ही रीत ठाऊक झालेली. त्यांनी ती भाकर उचलली आणि गाईकडे निघाल्या.

म्हातारीनं त्यांचा हात धरला. भाकर घेतली, मोडून दोन तुकडे केले, एकावर चटणी ठेवून तो बाईंच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः खायला घेतला.

"खा," ती म्हणाली. "तुह्या मायच्या हातची नाई. पन तुह्या हातची हाय."

दोघी चुलीसमोर बसून खात राहिल्या. गाय दारात वाट बघत उभी होती. तिला त्या दिवशी दुसरी भाकर मिळाली.